टर्बो मेला की ऑइल मेलं?

शनिवार सकाळ, चहाचा दुसरा कप, ऑफिसचा लॅपटॉप बॅगेत बंद. या आठवड्यात खरं तर दुसऱ्याच विषयावर लिहायचं ठरवलं होतं. पण गुरुवारी गॅरेजमधून बिल आलं आणि डोक्यात दुसरं काही राहिलंच नाही. आकडा सांगत नाही. एवढंच सांगतो की तेवढ्या पैशात एक बऱ्यापैकी सेकंडहँड बाइक आली असती.

तर आजचा विषय टर्बो. म्हणजे गाडीच्या मागे लागलेला स्टिकर नाही, बोनेटखालचा खरा टर्बो.

आधी घडलं काय ते सांगतो. एप्रिलमधला रविवार. आई-बाबांना घेऊन शेगावला निघालो होतो. सावंगीला समृद्धीवर चढलो, जालना मागे पडलं. माझी गाडी म्हणजे तीन वर्षांपूर्वी घेतलेली सेकंडहँड टर्बो पेट्रोल हॅचबॅक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे वाचाल तर कळेल की दोष तिचा फारसा नव्हताच. आधी बोनेटमधून बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. मला वाटलं काच नीट लागली नसेल. मग ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी ओढेना, आणि आरशात बघतो तर मागे सगळा निळा धूर. गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

समृद्धीवर गाडी बंद पडणं म्हणजे काय ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. शेजारून ट्रक गेला की उभी गाडी हलते. गाडीत बसून राहणं धोक्याचं, म्हणून दोघांनाही लोखंडी कठड्याच्या पलीकडे नेलं. आईचे गुडघे दुखतात. बाबांनी एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने धरून तिला कठडा ओलांडायला लावला. मग भर उन्हात, डोक्यावर पदर घेऊन ती दीड तास एका दगडावर बसून होती. गस्तीची गाडी आली, क्रेन आली, सगळं झालं. रागाने कोणी एक शब्दही बोललं नाही. परत येताना आई फक्त एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी एसटीने जाऊ." ते वाक्य मला बिलापेक्षा महाग पडलं.

आता थोडं मागे जातो. मला हे टर्बोचं वेड लागलं कसं? याचं उत्तर आपल्याच गावात आहे. 2001 साली शेंद्र्याला स्कोडाच्या ऑक्टाव्हिया तयार व्हायला लागल्या. 2004 मध्ये त्याच ऑक्टाव्हियाचा आरएस अवतार भारतात आला. 1.8 लिटरचं इंजिन, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह आणि टर्बो. ताकद 150 पीएस. युरोपात हीच गाडी 180 पीएसची होती, पण आपल्याला त्याचं काय! तेव्हाच्या औरंगाबादमध्ये, जालना रोडवर, बाबांच्या स्कूटरवर पुढे उभा असलेल्या सात वर्षांच्या मुलाला 150 काय आणि 180 काय. शेजारून एक लाल गाडी सिग्नलवरून जी सुटली ती अजून डोळ्यांसमोर आहे. बाबा म्हणाले होते, "आपल्या शेंद्र्याची आहे."

गंमत बघा. 2011 ला लॉरा आरएस आली, 160 पीएस. 2017 ला पुन्हा ऑक्टाव्हिया आरएस, आता 2.0 लिटर आणि 230 पीएस. 2020 ला 245 पीएसची, फक्त 200 गाड्या, त्याही बाहेरून आणलेल्या. आणि 2025 मध्ये 265 पीएसची, फक्त 100 गाड्या, किंमत पन्नास लाखांच्या घरात. तीही जहाजातून. जी गाडी आमच्या गावची म्हणून आम्ही मिरवायचो, ती आता परदेशातून येते. असो, तो वेगळा लेख होईल.

पण यातला आकडा महत्त्वाचा आहे. 2004 ला एका लिटरमधून साधारण 83 पीएस निघत होते. 2025 ला 132 पीएस. इंजिन जवळजवळ तेवढंच, काम दीडपटीहून जास्त. आयटीवाल्यांना वेगळं समजावून सांगायला नको :) त्याच टीमकडून दीडपट काम काढून घेतलं की कुठेतरी काहीतरी तापतंच.

टर्बोचं तत्त्व तसं सोपं आहे. साधं इंजिन स्वतःच्या फुप्फुसांनी श्वास घेतं. टर्बो त्याच्या तोंडात हवा कोंबतो. हवा जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जाळता येतं, म्हणजे ताकद जास्त. आणि ही हवा कोंबायला लागणारी शक्ती येते सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम वायूतून. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने 1905 मध्येच याचं पेटंट घेतलं होतं. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे. एका पंख्यावर आदळणारा वायू पेट्रोल गाडीत नऊशे-हजार अंश सेल्सिअसपर्यंत जातो. दुसरा पंखा बाहेरची हवा ओढतो. आणि तो दांडा फिरतो मिनिटाला दीड-दोन लाख वेळा. म्हणजे सेकंदाला तीन हजार वेळा, थोडं इकडे-तिकडे.

बाबा वाळूजला मशीन शॉपमध्ये तीस वर्षं होते, बराच काळ ग्राइंडिंगवर. त्यांना हा आकडा सांगितला तेव्हा त्यांनी पेपर खाली ठेवला. "दोन लाख? अरे, आमचा इंटर्नल ग्राइंडिंगचा स्पिंडल तीस हजारावर असायचा तरी आम्ही आधी ऑइल बघायचो, मग जॉब लावायचो. याला बेअरिंग कुठलं?"

हाच तो प्रश्न. बहुतेक टर्बोंमध्ये बॉल बेअरिंग नसतं. दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. धातूला धातू लागतच नाही. तो थर आहे तोवर टर्बो वर्षानुवर्षं चालतो. तो थर गेला की काही क्षणांत खेळ खलास. आणि हे ऑइल इंजिनचंच असतं, टर्बोसाठी वेगळं नाही. म्हणजे ज्या ऑइलकडे आपण "बदलू पुढच्या महिन्यात" म्हणून बघतो, त्याच्यावर हा सगळा डोलारा.

दुसरी भानगड गाडी बंद केल्यावरची. जोरात गाडी हाणून आलात आणि चटकन चावी फिरवलीत, तर ऑइलचा पंप थांबतो. तापलेल्या टर्बोमध्ये अडकलेलं ऑइल तिथेच करपतं. कढईत तेल जळून तळाला काळा थर बसतो ना, अगदी तसंच. रोज थोडं थोडं. मग एक दिवस ऑइल आणणारी बारीक नळी चोंदते. नव्या गाड्यांत टर्बोभोवती कूलंट फिरवतात, काहींत गाडी बंद केल्यावरही एक छोटा विजेचा पंप ते फिरवत राहतो. त्याने पुष्कळ फरक पडतो, पण जुनाट ऑइलवर त्याचं काही चालत नाही.

टर्बो विश्वासाचा नाही, ही बदनामी जुनीच. 1962 मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आली, जगातल्या पहिल्या टर्बो मोटारींपैकी एक. इंजिनात ठोके पडू नयेत म्हणून तिला पाणी आणि मिथेनॉलचं एक मिश्रण वेगळ्या टाकीत भरायला लागायचं. नाव काय तर 'टर्बो रॉकेट फ्लुइड'! लोक ते भरायला विसरायचे आणि मग गाडीत दम नाही म्हणून तक्रारी करायचे. शेवटी कंपनीनेच टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून द्यायला सुरुवात केली. 1977 मध्ये रेनॉने फॉर्म्युला वनमध्ये पहिली टर्बो गाडी उतरवली. ती इतक्या वेळा धूर काढत थांबायची की तिचं नाव 'पिवळी किटली' पडलं. पण दोनच वर्षांनी, 1979 ला, रेनॉच्या टर्बोने फ्रेंच ग्रांप्री जिंकली, आणि पुढच्या काही वर्षांत झाडून सगळे टर्बोच लावायला लागले. किटली म्हणून हसणारेही!

आता मुद्द्याचं. धूर प्रकरणानंतर मी दोन शनिवार घालवून वेगवेगळ्या टर्बो गाड्यांचे गाजलेले दोष एका एक्सेल शीटमध्ये मांडले. (होय, एक्सेल. सवय जात नाही.) त्यात जे दिसलं ते मला अपेक्षित नव्हतं. गाजलेल्या बिघाडांत टर्बो स्वतः फार कमी वेळा आरोपी आहे. बहुतेक वेळा आरोपी शेजारी निघतो.

बीएमडब्ल्यूचं दोन टर्बोंचं तीन लिटरचं एन54 इंजिन घ्या. जगभर नावाजलेलं. पण 2010 मध्ये अमेरिकेत लाखाहून जास्त गाड्या परत बोलावल्या त्या उच्च दाबाच्या पेट्रोल पंपासाठी. फोर्डची 2016 ची फोकस आरएस घ्या, काही गाड्यांमध्ये हेड गॅस्केटच चुकीचं बसलेलं निघालं. फोक्सवॅगनचा सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स घ्या, 2013 मध्ये त्याच्यातलं सिंथेटिक ऑइल बदलून मिनरल भरायला जगभरातून सोळा लाख गाड्या बोलावल्या. कारण? त्या ऑइलमुळे काही ठिकाणी शॉर्टसर्किट व्हायचं. आणि ऑक्टाव्हिया आरएसच्या त्याच 1.8 टर्बोच्या घरातलं इंजिन पसाट आणि ऑडी ए4 मध्ये उभं बसवलं, तेव्हा ऑइलचा चिखल होण्याच्या तक्रारींवरून अमेरिकेत प्रकरण कोर्टापर्यंत गेलं आणि कंपनीला तडजोड करावी लागली. ऑक्टाव्हियासारख्या आडव्या बसवणीत हा त्रास त्या मानाने कमी. इंजिन एकाच घराण्यातलं, फक्त जागा बदलली!

म्हणजे टर्बो स्वतः चांगला असला तरी त्याच्यामुळे आजूबाजूच्या सगळ्यांवर ताण वाढतो. पंप, चेन, गॅस्केट, कॉइल, गिअरबॉक्स. जो कच्चा असेल तो आधी बसतो. आपल्याकडे रिलीजच्या रात्री डेटाबेस बसतो आणि शिव्या नव्या फीचरला पडतात, तसं.

मग आपल्याकडच्या, आपल्या खिशातल्या गाड्यांचं काय? माझी मतं सांगतो, पटली तर घ्या.

पुण्याला जाताना रांजणगाव लागतं. तिथे फियाटच्या कारखान्यात 2015 मध्ये अबार्थ पुंटो आली. 1.4 टी-जेट, 145 पीएस. बिडाचा ब्लॉक, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये न मारता आधीच्या नळीत सोडायची जुनी पद्धत, टायमिंगला बेल्ट आणि हाताचा गिअर. बिघडायला फार काही ठेवलेलंच नाही. माझ्या यादीतली मनाने सगळ्यात साधी गाडी. पण फियाटने 2019 च्या सुमारास इथून गाशा गुंडाळला. इंजिन भरवशाचं आणि सुट्या भागांसाठी शोधाशोध, याला भरवसा म्हणायचं का? मी तरी म्हणणार नाही. रोज ऑफिसला जायला नको, पण दुसरी गाडी घरात असेल आणि हौस असेल तर जरूर.

बलेनो आरएस 2017 ला आली आणि 2020 ला गेली. एक लिटर, 102 पीएस. ताकद हात राखून दिलेली, म्हणून 'स्पोर्टी' म्हणायला लोक नाक मुरडायचे. पण हात राखून दिलेली ताकद म्हणजेच तर आयुष्य! टियागो जेटीपी 2018 ची, 114 पीएस, मजेदार गाडी, पण दोन वर्षांत तीही बंद. 2021 ची आय20 एन लाइन, 120 पीएस, सर्व्हिस सेंटर सगळीकडे. आणि 2022 पासून चाकणच्या स्लाव्हिया आणि व्हर्टस, 1.5 टीएसआय, 150 पीएस. चालवायला यातली सगळ्यात गोड. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. तिचा टॉर्क आहे 250 एनएम. आणि सात गिअरच्या त्या डीएसजीची झेपही तेवढीच, 250. भांडं कंपनीनेच काठोकाठ भरून दिलंय. आता त्यात 'स्टेज वन' रिमॅप ओतणारे मित्र माझ्याही ग्रुपमध्ये आहेत. लॅपटॉपवरून पाच मिनिटांत वीस-तीस पीएस वाढतात हे खरं. पण सॉफ्टवेअर बदललं, हार्डवेअर तेच राहिलं. हे आपल्याला कळायला नको?

अजून एक, आपल्या मराठी घरांमधली खास चूक. "वरच्या गिअरला टाक, पेट्रोल वाचतं." बाबा आयुष्यभर हे सांगत आले, आणि साध्या इंजिनाला ते ठीकच होतं. पण थेट इंजेक्शनच्या छोट्या टर्बोला पाचव्या गिअरमध्ये पंधराशे आरपीएमवर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला, तर सिलिंडरमधलं मिश्रण ठिणगी पडायच्या आधीच पेटू शकतं. साधे ठोके नाहीत, पिस्टन फोडणारे. यात ऑइलच्या घटकांचाही हात असतो, म्हणूनच 2018 आणि 2020 मध्ये ऑइलची नवी मानकं आली. डब्यावर 'एपीआय एसपी' लिहिलेलं असतं ते हेच. चढावर खाली गिअर टाका. दोन रुपयांचं पेट्रोल जास्त जाईल, जाऊ द्या.

परत माझ्या गाडीकडे येतो. मोंढा नाक्याच्या पुढे गल्लीत एक गॅरेज आहे. तिथले चाचा पन्नाशीच्या पुढचे, बोलणं अस्सल आपल्या गावचं दखनी. त्यांनी टर्बो खोलून टेबलावर ठेवला, दांडा दोन बोटांत धरून हलवला. तो खुळखुळत होता. मग ऑइलची नळी माझ्या डोळ्यांसमोर धरून म्हणाले, "देखो, आरपार कुछ दिखता क्या?" काही दिसत नव्हतं. आत डांबरासारखं काळं काहीतरी घट्ट बसलं होतं.

"टर्बो खराब निकला चाचा," मी म्हटलं.

"टर्बो नहीं मरा भाई. तेल मरा. टर्बो तो बाद में मरा."

आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला ज्याची मला भीती होती. ऑइल शेवटचं कधी बदललं? दहा हजारांना बदलायचं ते सतरा हजारांपर्यंत ओढलं होतं. प्रोजेक्टचं गो-लाइव्ह होतं, मग दिवाळी होती, मग "आता एप्रिलमध्ये बघू" होतं. मधे एकदा ऑइल कमी झालं म्हणून पेट्रोल पंपावर मिळालं ते ओतलं होतं, ग्रेड न बघता. दर शुक्रवारी रात्री पुण्याहून तीनेक तास दामटून यायचं आणि पार्किंगमध्ये शिरल्या शिरल्या इंजिन बंद. ऑफिसात दुसऱ्याच्या कोडमधले लॉग तपासून चुका दाखवणारा मी. माझ्या स्वतःच्या गाडीचा लॉग मात्र हा असा.

कंपनीला, रस्त्याला, आधीच्या मालकाला, कोणालाही दोष द्यायला जागा उरली नाही. आईला त्या दगडावर मी बसवलं होतं.

म्हणून कोणी मला विचारलं की टर्बो गाडी घेऊ का, तर मी हो म्हणतो. पण गाडीच्या आधी स्वतःची परीक्षा घ्या. ऑइल पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच आणि सांगितलेल्या अंतराच्या थोडं आधीच बदलणार असाल, सकाळी इंजिन थंड असताना पहिली पाच मिनिटं दमाने चालवणार असाल, आणि घर यायच्या आधीचे एक-दोन किलोमीटर शांतपणे येणार असाल तर घ्या. हे शेवटचं केलं तर पार्किंगमध्ये पाच-पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचीही गरज नाही. हायवेवरून थेट हॉटेलच्या दारात थांबलात तर मात्र मिनिटभर द्या. हे जमणार नसेल तर साधं, टर्बो नसलेलं इंजिन घ्या. त्यात कमीपणा काही नाही. ते तुमचा आळस जास्त दिवस खपवून घेतं, एवढाच फरक.

आणि सेकंडहँड घेत असाल तर रंग, टायर, म्युझिक सिस्टीम नंतर बघा. आधी ऑइलची बिलं मागा. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी तुमच्यासमोर चालू करायला सांगा आणि मागे जाऊन धुराकडे बघा. रिमॅप केलंय का ते थेट विचारा. टर्बो गाडी विकत घेताना आपण आधीच्या मालकाच्या सवयीही विकत घेत असतो. 2004 ची ती शेंद्र्याची आरएस अजूनही कधी कधी विकायला निघते. मी जाहिरात बघतो, फोटो मोठे करून बघतो, आणि बिलं आहेत का ते शोधतो. आता सगळीकडे मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ऑक्टेन चांगला असतो, पण वीस वर्षांपूर्वीच्या रबरी नळ्यांना ते मानवेल का, हाही विचार येतो. सध्या तरी फोटोवरच भागवतोय.

नवा टर्बो बसून दहा दिवस झाले. मागच्या रविवारी आईला विचारलं, म्हैसमाळला येतेस का? ती लगेच हो म्हणाली नाही. बाबा म्हणाले, "चल गं, मी बघतो तो कशी चालवतो ते." घाट चढताना बाबांची नजर रस्त्यावर कमी आणि आरपीएमच्या काट्यावर जास्त. काटा खाली आला की "गिअर उतरव." हे वाक्य बाबांच्या तोंडून! वरून परत निघालो, सावकाश घरी आलो. पार्किंगमध्ये माझा हात चावीकडे गेला आणि त्यांनी तो धरला. "थांब. मिनिटभर."

गरज नव्हती खरं तर, शेवटचे दोन किलोमीटर शांतच आलो होतो. पण मी काही बोललो नाही. तिघं तसेच बसून राहिलो, इंजिन चालू ठेवून. मग मागून आई म्हणाली, "आता शेगावचं कधी ठरवताय?"

चला, चहा गार झाला. शेगावची तारीख ठरली की कळवतोच. ऑइल मात्र त्याच्या आधी बदलून घेणार आहे, अजून हजार किलोमीटर बाकी असले तरी.